ट्रकचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल बदलले: निदानापासून प्रोग्रॅमिंगपर्यंत

बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच बीसीएम, बिघडले तरी ट्रक लगेच बंद पडत नाही. तो विचित्र वागू लागतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. इंजिन, गिअर आणि ब्रेक व्यवस्थित काम करत असतात, पण दिवे, वायपर, हॉर्न, काचा, दारांची कुलुपे आणि बऱ्याच गाड्यांत चावी ओळखणारी इमोबिलायझरची यंत्रणासुद्धा ज्या एका छोट्या संगणकाच्या डब्यावर अवलंबून असते, त्याचाच भरवसा उरत नाही. माझ्या १२ व्होल्टच्या हलक्या मालवाहू ट्रकवर ही वेळ जूनच्या सुरुवातीला आली आणि या प्रकरणाचा शेवटचा कागद ऑगस्टमध्ये हाती पडला. मधल्या काळात काय तपासले, कशासाठी थांबावे लागले आणि पैसे नेमके कुठे गेले, हे क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण त्या दिवसांत मला मिळालेला बहुतेक सल्ला ‘मॉड्यूल बदला’ एवढ्यावरच संपत होता.

पहिले लक्षण अगदी किरकोळ होते. दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाल्यानंतर दार लावले तरी केबिनमधला दिवा कधी विझे, कधी तसाच राही. मग डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागला. हे सहसा बल्ब गेल्याचे लक्षण असते, पण बल्ब शाबूत होते. पुढे वायपर कोणी न लावता एखादी फेरी मारू लागला, उभ्या ट्रकच्या दारांची कुलुपे मध्येच खट्‌कन वाजू लागली आणि अखेर एका सकाळी बॅटरी पूर्ण उतरलेली आढळली. यांतले प्रत्येक लक्षण सुटे घेतले तर त्याला बल्ब, स्विच किंवा मोटर असे साधे कारण सापडू शकते, आणि त्या कारणांच्या मागे लागून माणूस महिनाभर एकेक भाग बदलत बसू शकतो. ज्या इलेक्ट्रिशियनकडे मी गेलो, त्यांनी ट्रकला हात लावण्याआधी मला एक वही करायला सांगितली: काय झाले, कधी झाले, हवा ओली होती की कोरडी, चावी कोणत्या स्थितीत होती आणि त्या क्षणी आणखी काय चालू होते. आठवडाभराच्या त्या नोंदींतून दोन गोष्टी उघड झाल्या. सगळी बिघडलेली कामे एकाच मॉड्यूलच्या ताब्यातली होती आणि सगळा गोंधळ पावसानंतरच्या एक-दोन दिवसांत वाढत होता.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून झाली, आणि ती तिथूनच व्हायला हवी, कारण व्होल्टेज कमी पडले की निरोगी मॉड्यूलसुद्धा खोटे दोष नोंदवू लागते. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरकडून सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. माझ्या ट्रकचे दोन्ही आकडे ठीक होते आणि भार टाकून घेतलेल्या चाचणीतही बॅटरी उत्तीर्ण झाली. म्हणजे बॅटरी स्वतः खराब नव्हती, ट्रक उभा असताना तिच्यातून काहीतरी वीज ओढत होते.

ही गळती मोजण्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण घाई केली तर तिचे उत्तर हमखास चुकीचे येते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून तार आणि टर्मिनल यांच्या मध्ये अँपिअर मोजणारा मल्टीमीटर जोडायचा. मात्र आकडा वाचण्याआधी ट्रकमधली सर्व मॉड्यूल्स, म्हणजे बीसीएमसारखे सगळे छोटे संगणक, झोपी जाऊ द्यावी लागतात. चावी काढून दारे बंद केल्यावर काही मॉड्यूल्स मिनिटाभरात शांत होतात, काहींना अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. या काळात दार उघडले, रिमोट दाबला किंवा तार क्षणभर जरी सुटली तरी सगळी मॉड्यूल्स पुन्हा जागी होतात आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते. म्हणून आम्ही बॉनेट आधीच उघडून ठेवले, दार उघडे ठेवूनही ट्रकला ते बंद वाटावे यासाठी दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवले आणि चावी ट्रकपासून लांब ठेवली. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर कधीही मारू नये; सामान्य मीटरची मर्यादा १० अँपिअर असते आणि स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो.

झोपी गेलेल्या वाहनाने साधारणपणे ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी वीज घ्यावी. माझा ट्रक तासाभरानंतरही ४५० मिलिअँपिअरच्या आसपास घेत होता, आणि मधूनच तो आकडा काही अँपिअरवर उसळून खाली येत होता. हिशेब केला तर ४५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ११ अँपिअर-तास, म्हणजे दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या ट्रकची बॅटरी सकाळी दगा देणार हे ठरलेलेच. गळती कोणत्या सर्किटमध्ये आहे हे शोधण्यासाठी फ्यूज एकेक करून उपटण्याची जुनी रीत आहे, पण फ्यूज परत बसवताना मॉड्यूल जागे होते, म्हणून आम्ही फ्यूज जागेवरच ठेवून त्यांच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमधले मिलिव्होल्ट मोजले. फ्यूजमधून वीज वाहत असेल तर तिथे अगदी थोडा व्होल्टेज ड्रॉप दिसतो, नसेल तर शून्य. तो ड्रॉप बीसीएमला वीज पुरवणाऱ्या फ्यूजवर सापडला.

इथे बहुतेक ठिकाणी निकाल लावला जातो आणि नवीन मॉड्यूलची मागणी नोंदवली जाते. इलेक्ट्रिशियनने मात्र स्पष्ट सांगितले की बीसीएम जागे आहे एवढेच यातून कळते; ते का जागे आहे हे कळत नाही. दाराचा एखादा अडकलेला स्विच ‘दार उघडे आहे’ असे सतत सांगत असेल, तर निर्दोष मॉड्यूलही रात्रभर जागेच राहील. त्यांचा नियम असा होता की मॉड्यूलला वीज मिळते आहे, अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूशी जोडणी) मिळतो आहे, नेटवर्क शाबूत आहे आणि आत येणारे संदेश बरोबर आहेत, या चारही गोष्टी सिद्ध झाल्यानंतरच मॉड्यूलवर ठपका ठेवायचा. मला हा नियम पटला, त्यात वेळ गेला तरी.

स्कॅनर, म्हणजे मॉड्यूल्सच्या नोंदी वाचणारे यंत्र, लावल्यावर बीसीएममध्ये दिव्यांच्या आणि कुलुपांच्या सर्किटचे काही दोष नोंदलेले दिसले, तर इतर मॉड्यूल्समध्ये यू०१४० हा कोड होता. या कोडचा अर्थ बीसीएमशी संपर्क तुटला असा आहे. कोडचे पहिले अक्षर पाहिले तरी बरेच कळते: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे मॉड्यूल्समधला संपर्क. एक सूचना इथेच करतो. कोड पुसण्याआधी सर्व मॉड्यूल्सचा पूर्ण अहवाल छापून किंवा फाइल करून घ्यावा, आणि त्यावर तारीख व किलोमीटरचा आकडा असल्याची खात्री करावी. पुढे वॉरंटीच्या अर्जासोबत माझ्याकडे हाच कागद मागितला गेला.

नेटवर्कची तपासणी तुलनेने सोपी निघाली. वाहनातली मॉड्यूल्स एकमेकांशी कॅन बस नावाच्या, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज ती जवळपास प्रत्येक वाहनात आहे. या जोडीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून १६ पिनांच्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एका बाजूचा रोधक किंवा तार तुटलेली आहे, शून्याच्या जवळ आले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. आमच्याकडे ६० आले. बॅटरी जोडून चावी चालू केल्यावर दोन्ही तारांवर अडीच व्होल्टच्या थोडे वर आणि थोडे खाली, म्हणजे अपेक्षित, असे व्होल्टेज मिळाले. ज्या वाहनांत सॉकेट आणि आतले नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल (संदेश पुढे पोचवणारा मधला डबा) असते, तिथे मात्र सॉकेटवरच्या मोजमापावरून आतल्या तारांबद्दल काहीच निष्कर्ष काढता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

वीजपुरवठा आणि अर्थ तपासताना एक बारकावा शिकायला मिळाला. नुसत्या मल्टीमीटरने पाहिले तर एकाच धाग्यावर लोंबकळणारी तारही १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळपास वीज ओढतच नाही. म्हणून बीसीएमच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडण्याच्या खटक्याच्या जोडणीवर, पुरवठ्याची तार आणि अर्थ यांच्यामध्ये हेडलाइटचा जुना बल्ब जोडून पाहिले. सर्किटच्या फ्यूजला झेपेल एवढाच बल्ब वापरायचा असतो, आणि तोही फक्त पुरवठ्याच्या तारांवर. संदेशांच्या पातळ तारांवर असा भार टाकू नये. बल्ब पूर्ण तेजाने पेटला. तो पेटलेला असताना अर्थची तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामधला व्होल्टेज ड्रॉप मोजला, तो ०.१ व्होल्टच्या आत होता. म्हणजे पुरवठा आणि अर्थ, दोन्ही निर्दोष.

उरला प्रश्न आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या संदेशांचा, आणि संपूर्ण निदानातला मला सर्वांत आवडलेला भाग हाच. स्कॅनरवर बीसीएमला दिसणारी प्रत्येक स्विचची स्थिती त्याच क्षणी पाहता येते. चालकाचे दार बंद असताना स्कॅनरवर ‘उघडे’ आणि ‘बंद’ अशी आळीपाळीने उड्या मारणारी नोंद दिसत होती. दाराच्या लॅचचा कपलर सोडवला, तरी उड्या चालूच राहिल्या. मग त्या स्विचची तार बीसीएमच्या कपलरवर मागच्या बाजूने बारीक पिन लावून तपासली. तारेवरचे व्होल्टेज स्थिर होते. बाहेरून येणारा संदेश स्थिर आणि मॉड्यूलचे त्याबद्दलचे मत अस्थिर, याचा अर्थ गडबड मॉड्यूलच्या आत होती.

दुसरी परीक्षा बाहेर जाणाऱ्या आदेशांची. चांगल्या प्रतीच्या स्कॅनरने मॉड्यूलला थेट आज्ञा देता येते. स्वस्तातले कोड वाचणारे यंत्र हे करू शकत नाही, आणि तपासणीसाठी गॅरेज निवडताना ही गोष्ट विचारून घ्यावी. मागच्या डाव्या इंडिकेटरला ‘चालू’ अशी आज्ञा दिली. पडद्यावर आज्ञा पोचल्याचे दिसले, पण बीसीएमच्या त्या पिनवर व्होल्टेज आलेच नाही. त्यानंतर फ्यूज लावलेल्या सुट्या तारेने कपलरपासून पुढे दिव्याकडे जाणाऱ्या तारेला सरळ वीज दिली, तर इंडिकेटर नीट पेटला आणि त्याने ओढलेली वीजही नेहमीइतकीच होती. ही दुसरी पायरी गाळू नये. आजच्या अनेक बीसीएममध्ये रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असतात आणि पुढे कुठे शॉर्ट असेल तर ते स्वतःला वाचवण्यासाठी मुद्दाम बंद होतात. तसे असते तर नवीन मॉड्यूलनेही तेच केले असते.

एवढे झाल्यावर डॅशबोर्डखालचे बीसीएम बाहेर काढले. कपलरच्या एका कोपऱ्यातल्या पिनांवर हिरवट गंज चढला होता आणि डब्याच्या खालच्या खाचेत ओल वाळल्याचे पांढरे डाग होते. इलेक्ट्रिशियनने डबा उघडू दिला नाही. त्याचे कारण तेव्हा कळले नाही. ते पुढे जुना भाग परत देताना कळले.

पाणी कुठून आले हे शोधायला जवळजवळ अख्खी दुपार गेली. एकाने समोरच्या काचेवर सावकाश पाणी ओतायचे आणि दुसऱ्याने आत पडून टॉर्चच्या उजेडात पाहायचे, असा उद्योग होता. सरळ होजने जोराचा फवारा मारला असता तर पाणी सगळीकडे पसरले असते आणि वाट सापडली नसती, म्हणून खालून वर, एकेका पट्ट्यावर ओतत गेलो. वायपरखालच्या जाळीत पाला आणि माती साचून पाणी निघून जाण्याचे भोक बुजले होते. तिथे तुंबलेले पाणी वायरिंग जिथून केबिनमध्ये शिरते त्या रबरी बुचाच्या कडेने आत येऊन वायरच्या जुडग्यावरून ओघळत थेट बीसीएमच्या कपलरमध्ये उतरत होते. भोक साफ केले, बूच बदलले, आणि कपलरच्या आधी वायरच्या जुडग्याला खाली एक झोळ दिला, म्हणजे पुढे कधी पाणी आलेच तर ते त्या झोळाच्या तळाशी गळून पडेल. कपलरचे गंजलेले टर्मिनल नवीन घातले. हे सगळे नवीन मॉड्यूल मागवण्याआधी झाले याचे मला फार समाधान वाटते, कारण ओल तशीच राहिली असती तर नव्या मॉड्यूलची गतही जुन्यासारखीच झाली असती, आणि पाण्याने झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही.

जूनच्या मध्यावर माझ्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, जुने मॉड्यूल दुरुस्तीला पाठवणे. याचा मोठा फायदा असा की वाहनाचा क्रमांक, चाव्या आणि सेटिंग्ज त्याच डब्यात राहत असल्याने परत बसवल्यावर बहुधा काहीच प्रोग्रॅम करावे लागत नाही. खर्चही नवीन भागाच्या निम्म्याहून कमी होता. एखादा आउटपुट जळला असता किंवा सोल्डरचा जोड तडकला असता तर मी हाच मार्ग घेतला असता, पण ओलीमुळे झालेली झीज बोर्डावर कुठवर गेली आहे हे कोणी छातीठोकपणे सांगेना. दुसरा मार्ग, भंगारात निघालेल्या वाहनातले वापरलेले मॉड्यूल घेणे. ते नव्याच्या साधारण एक-तृतीयांश किमतीत मिळत होते, परंतु अनेक वाहनांत बीसीएम पहिल्या वाहनाच्या चॅसी क्रमांकाशी बांधले गेलेले असते आणि ते दुसऱ्या वाहनात स्वीकारले जाईलच असे नाही. शिवाय त्यात इमोबिलायझरची माहिती असते, आणि काही मॉडेल्समध्ये किलोमीटरचा आकडाही, त्यामुळे कायद्याचाही प्रश्न उभा राहू शकतो. तिसरा मार्ग नवीन मॉड्यूलचा, महाग आणि सरळ. मी तो घेतला.

सुट्या भागांच्या काउंटरवर नुसते वाहनाचे मॉडेल सांगून भागले नाही. चॅसी क्रमांक, जुन्या मॉड्यूलच्या लेबलचा स्पष्ट फोटो, वाहनाच्या मालकीचा पुरावा आणि माझे ओळखपत्र, असे सगळे द्यावे लागले. चावीशी संबंधित भाग असल्याने वाहन चोरीचे नाही याची खात्री करून घेतली जाते आणि ते योग्यच आहे. ऑर्डरच्या कागदावर दोन अटी बारीक अक्षरांत होत्या: इलेक्ट्रॉनिक भाग एकदा वाहनाला जोडला की परत घेतला जाणार नाही, आणि जुना भाग ठरलेल्या मुदतीत जमा केला तर त्यापोटी घेतलेली अनामत परत मिळेल. वॉरंटीसाठी भाग कोणी बसवला आणि कोणी प्रोग्रॅम केला याचे बिल लागेल, हे तोंडी सांगितले गेले. मी ते कागदावर लिहून घेतले. भागाचा क्रमांक जुन्या लेबलशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळत नव्हता. शेवटचे अक्षर बदलणे म्हणजे बहुतेक वेळा त्याच भागाची सुधारित आवृत्ती असते, पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर एवढी रक्कम लावायची नव्हती, म्हणून नवा क्रमांक माझ्या चॅसी क्रमांकाला लागू आहे असे काउंटरवरून लेखी घेतले.

भाग दोन आठवड्यांत येईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात तो जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. थांबण्याचा हा काळ सगळ्यात त्रासाचा गेला, कारण ट्रक चालत तर होता. मी तो रात्री आणि पावसात अजिबात बाहेर काढला नाही. ज्या वाहनाचे वायपर आणि ब्रेक लाइट स्वतःच्या मर्जीने चालतात ते रस्त्यावर नेणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. काही तातडीची खेप भाड्याच्या वाहनाने केली, आणि तो खर्च दुरुस्तीच्या कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो. ट्रक उभा असताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवत होतो. या काळात एक महत्त्वाचे काम मात्र उरकून घेतले: जुने मॉड्यूल अजून स्कॅनरशी बोलत होते तोवर त्याची सगळी सेटिंग्ज वाचून साठवून ठेवली. ते पूर्ण मुके झाल्यानंतर ही माहिती वाहन कंपनीच्या नोंदींतून किंवा अंदाजाने भरावी लागते, म्हणून ज्यांचे मॉड्यूल आज कसेबसे चालते आहे त्यांनी हे काम उद्यावर टाकू नये. घरात कुठे तरी पडलेली दुसरी चावीही शोधून ठेवली.

प्रत्यक्ष डबा बदलणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सोपे काम ठरले. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून, एअरबॅगच्या सर्किटमध्ये साठलेली वीज उतरावी म्हणून काही मिनिटे थांबून, प्रत्येक कपलरचा फोटो काढून, लिव्हरचे कुलूप आधी उघडून मग कपलर ओढायचा. ओढताना तार धरायची नाही. नवीन मॉड्यूलच्या पिनांना बोट लावण्याआधी चॅसीच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवायची. अर्ध्या तासात डबा जागेवर बसला. आणि ट्रक सुरू झाला नाही. डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत राहिले. हे असेच होणार हे मला आधी सांगितलेले होते, तरीही ते दृश्य पाहून पोटात गोळा आला. कोऱ्या मॉड्यूलला हा ट्रक कोणता आणि या चाव्या कोणाच्या हे ठाऊक नसते, त्यामुळे त्याने इंजिनला परवानगी न देणे हेच त्याचे बरोबर वागणे.

प्रोग्रॅमिंग ट्रक जागेवरून न हलवता करून घेतले, कारण सुरू न होणारा ट्रक ओढून नेण्याचा खर्च वेगळा लागला असता. तंत्रज्ञ लॅपटॉप, वाहन आणि संगणक जोडणारे प्रमाणित उपकरण आणि बॅटरीचे व्होल्टेज एकसारखे राखणारे वीजपुरवठ्याचे यंत्र घेऊन आले. हे शेवटचे यंत्र बॅटरीला जोडलेले नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नये. साधा चार्जर इथे चालत नाही. व्होल्टेज वरखाली झाले किंवा मधेच खाली पडले, तर अर्धवट लिहिलेले सॉफ्टवेअर घेऊन नवे मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. दिवे, पंखा, रेडिओ सगळे बंद केले. वाहन कंपनीच्या सेवेत ठरावीक मुदतीचे शुल्क भरून प्रवेश घेतला गेला, माझ्या मालकीचे कागद पुन्हा पाहिले गेले, आणि मग चॅसी क्रमांक लिहिणे, सॉफ्टवेअर चढवणे, साठवलेली सेटिंग्ज भरणे आणि चाव्या ओळखवून देणे, अशा क्रमाने काम झाले. सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेला थांबण्याचा काळ मधे येतो; पडद्यावर उलटे मोजणारे घड्याळ आणि बाकी काही हालचाल नाही, अशा वेळी कोणीही कशालाही हात लावू नये. चाव्या नव्याने शिकवताना पूर्वीच्या सर्व चाव्यांची नोंद पुसली जाऊ शकते, म्हणून असलेली प्रत्येक चावी त्या वेळी हजर हवी. दुसरी चावी नंतर आणली असती तर तेच शुल्क पुन्हा भरावे लागले असते.

संध्याकाळी ट्रक सुरू झाला. काचांच्या वरच्या-खालच्या मर्यादा पुन्हा शिकवल्या, टायरच्या दाबाचे सेन्सर पुन्हा नोंदवले, सर्व कोड पुसले आणि थोडे चालवून पुन्हा स्कॅन केला. कोड एकही आला नाही, पण ट्रेलरच्या सॉकेटवरचे इंडिकेटर पेटेनात. नवे मॉड्यूलही सदोष निघाले की काय, अशी शंका मनात आली. तंत्रज्ञाने जुन्या सेटिंग्जची फाइल उघडून ओळीने ताडून पाहिली, तेव्हा नव्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत ट्रेलरचा पर्याय वेगळ्या जागी असल्याने तो ‘नाही’ असाच राहून गेल्याचे दिसले. तो बदलला आणि दिवे लागले. जुनी फाइल नसती तर तीच गोष्ट वायरिंगचा दोष म्हणून शोधत बसलो असतो. तंत्रज्ञ निघण्याआधी ट्रकमधले प्रत्येक बटण, दिवा, कुलूप आणि ट्रेलरचे सॉकेट स्वतः चालवून पाहावे. नंतर बोलावले तर येण्याचे शुल्क वेगळे असते.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर एकूण रकमेपैकी जवळपास निम्मी मॉड्यूलवर गेली, साधारण पाव भाग प्रोग्रॅमिंग आणि चाव्यांवर, आणि उरलेली रक्कम निदान, पाण्याच्या गळतीची दुरुस्ती व टर्मिनल यांवर. निदानाचे शुल्क सुरुवातीला मला जास्त वाटले होते. आता तसे वाटत नाही, कारण त्यात पाण्याची वाटही सापडली. अंदाजपत्रक मागताना भाग, बसवण्याची मजुरी, प्रोग्रॅमिंग, सेवाप्रवेशाचे शुल्क आणि चाव्या हे पाचही आकडे वेगळे मागावेत. अनेकदा फक्त पहिले दोन सांगितले जातात.

काही दिवसांनी उभ्या ट्रकची विजेची गळती पुन्हा मोजली, ती ३० मिलिअँपिअरच्या आसपास आली. काचेवर पुन्हा पाणी ओतून पाहिले. वायरच्या जुडग्याचा झोळ कोरडा राहिला. जुलैअखेर मोठा पाऊस झाला तेव्हाही काही झाले नाही.

जुना भाग परत देण्याचे काम तेवढे बाकी होते. काउंटरवर जुन्या डब्याचे लेबल वाचता येते का आणि त्याचे सील अखंड आहे का, हे आधी तपासले गेले. उघडलेला डबा अनामतीसाठी स्वीकारला जात नाही, आणि इलेक्ट्रिशियनने तो का उघडू दिला नव्हता हे तेव्हा समजले. मूळ बिल, परतीचा अर्ज आणि नवीन मॉड्यूलच्या खोक्यावरचा बारकोड मागितला गेला, म्हणून नव्या भागाचे खोके फेकू नये. अनामत ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात खात्यावर जमा झाली आणि वॉरंटीची नोंद झाल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले. ते पत्र, प्रोग्रॅमिंगचे बिल, दोन्ही स्कॅनचे अहवाल आणि नव्या सेटिंग्जची फाइल मी वाहनाच्या कागदपत्रांसोबत एकत्र ठेवली आहे.